थाळी वाजली नव्हती

(कासा. बाजाराच्या मागच्या गल्लीतलं गावरेडिओचं केंद्र. बाहेर दिवेलागण व्हायला आली आहे.)

रूपी : एकीनं नाय रे, तिघींनी विचारलं. गाडी कुठल्या रंगाची, म्हणून.

पीयूष : कुठली गाडी?

रूपी : मी पण तेच म्हटलं, कुठली गाडी? तर एकमेकींकडं बघून गप्प. तलासरीहून चारोटीपर्यंत जीपमध्ये कोण बोललं नाय. एरवी त्या बायका जीपवाल्याला त्याचा हॉर्न ऐकू देत नाहीत. उतरताना एका म्हातारीनं माझा हात धरला. म्हणते, पोरी, तू सांगितलंस ते बरं केलंस, आता आम्ही सावध आहोत.

पीयूष : म्हणजे पोचलं! रूपीताई, बसा. पाणी प्या आधी. तुम्हाला दाखवायलाच थांबलोय मी, नाहीतर पप्पा कधीचे बोलावतायत वाडीत, चिकू भरायला माणसं कमी आहेत म्हणून. हे बघा. लाखाच्या वर गेलं आणि अजून चढतंय.

रूपी : काय चढतंय?

पीयूष : व्ह्यूज! आपलं नाटक हो, 'जमिनीतली पेटी'. परवा टाकलं मी. आपल्या पेजवर आजवर कशालाच एवढं आलेलं नाही. तुमच्या रानभाज्यांच्या व्हिडिओला जेवढे आले होते ना, त्यात निम्मी तर माझी बहीण मयुराच होती.

रूपी : आख्खं नाटक टाकलंस?

पीयूष : आख्खं कसं टाकणार? रील आहे ते. सुरुवातीचं टाकलं. ती बाई घाबरून सांगते ना, गाडी येते, माणसं उतरतात, पेटी पुरतात, तेवढं. अंगावर काटा येतो, ताई. काय बोललायत तुम्ही!

रूपी : ते काम निलमचं होतं. ती आली नाय म्हणून मी केलं.

पीयूष : बरं झालं नाही आली. निलमचा आवाज कोणाला माहितीये? तुमचा आवाज आला की माणूस स्क्रोल करता करता थांबतो. आपल्याला तेच पाहिजे.

रूपी : अन् पुढचं? ती पेटी जमीन हलवत नाय, जमिनीचं ऐकते, ते सगळं?

पीयूष : त्याची लिंक दिलीये ना खाली. 'पूर्ण नाटक ऐका' म्हणून.

रूपी : किती जणांनी ऐकलं?

पीयूष : लिंकवर लोक कमी जातात, ताई. जनरली.

रूपी : कमी म्हणजे?

पीयूष : कमी म्हणजे... कमी.

रूपी : खाली लोक काय लिहितात, वाचून दाखव. माझा चष्मा घरी राहिला.

पीयूष : भरपूर आहेत. 'रूपीताई एकदम खरं.' 'आमच्याकडे पण आली होती गाडी.' 'म्हणूनच आमची भिंत तडकली.' 'परत येऊ दे, मग बघतो.' 'आम्ही पण तयार.' आणि हे हात जोडलेले, हे मुठीचे...

रूपी : ते मधलं परत वाच.

पीयूष : 'परत येऊ दे, मग बघतो.' लिहितात हो लोक. जोशात असतात. त्याला एवढं काय?

रूपी : पीयूष, आपल्या नाटकाच्या शेवटी काय होतं?

पीयूष : पेटीवाल्या साहेबाला लोक चहा देतात.

रूपी : मग ज्यानं नाटक ऐकलंय तो 'बघतो' कशाला म्हणेल?

पीयूष : रीलला शेवट नसतो, ताई. संपलं की तेच परत पहिल्यापासून लागतं.

रूपी : थाळी?

पीयूष : काय?

रूपी : थाळी ठेवलीस का? नाटकाच्या आधी वाजवतो ती.

पीयूष : नाही.

रूपी : का नाय?

पीयूष : अहो, आधी ती टणटण वाजणार, मग घुमत राहणार, मग कोणीतरी बोलणार. तोवर माणूस बोट मारून पुढे गेलेला असतो. त्याला पहिल्या सेकंदाला पकडायचा. मुंबईची मोठी एफएमवाली पण तेच करतात, त्यांचे आरजे माइककडे कमी आणि कॅमेऱ्याकडे जास्त बघतात. रेडिओजवळ येऊन कोणी बसत नाही आता, रेडिओनंच माणसाच्या मागे मागे जायचं. ट्रेनिंगला सांगितलं ना आपल्याला? तुम्ही तर वहीत उतरवून घेत होता.

रूपी : ट्रेनिंगवाल्यांना आपली थाळी माहीत नव्हती. तुला होती.

पीयूष : माहीत आहे हो मला...

रूपी : नाय, ऐक. भूकंपाचे धक्के सुरू झाले त्या वर्षी मी इथं नवीन होते. माणसं घरं सोडून ताडपत्रीखाली झोपायची. पोरं थंडीनं काकडायची. आपण पहिलं नाटक केलं, त्यात हादऱ्याचा आवाज घातला, पत्र्याचं पिंप हलवून. ऐकणारी माणसं ताडपत्रीतनं पण बाहेर पळाली. एका बाईचा पाय मोडला, ती अजून लंगडते. तेव्हापासून थाळी. थाळी वाजली की खोटं खोटं. नाय वाजली की रूपी खरं बोलते. इथली पोरं खेळताना एकमेकाला थापा मारतात ना, तेव्हा पण म्हणतात, आधी थाळी वाजव.

पीयूष : माझ्या ध्यानातच नाही आलं. एडिट करताना मला तो नुसता आवाज दिसतो, ताई. नको असलेला आवाज. पंख्याचा, खोकल्याचा, थाळीचा.

रूपी : लाव ते. ऐकू दे मला.

पीयूष : पेजवरूनच लावतो. थांबा, फिरतंय. हां, लागलं.

फोनमधला आवाज : बायांनो, ऐका. दिवस कलला की एक गाडी येते. माणसं उतरतात, आपल्या बोलीची नाहीत. पेटी काढतात, जमिनीत पुरतात, वरनं माती ओढतात. ती माणसं गेली की रात्री जमीन हलते. मी सांगते, ती पेटी आल्यापासून...

पीयूष : अडकलं. संध्याकाळी हे नेट ना, वैताग आहे नुसता.

रूपी : मला पण खरं वाटलं. माझाच आवाज अन् मलाच भीती वाटली.

पीयूष : एवढं टेन्शन घेऊ नका. उद्या दुसरा भाग टाकू. चहावाला.

रूपी : आज वर कोण गेलंय, माहीत आहे तुला?

पीयूष : वर कुठे?

रूपी : सायवनच्या पुढं, माझ्या माहेरच्या पाड्यावर. भूकंप मोजायची नवीन पेटी बसवायला. आधीची कोणीतरी उकरून फेकली, म्हणून तर हे नाटक केलं आपण. ते साहेब आज दुपारी गेलेत. अन् गाडी सुनिल चालवतोय.

पीयूष : सुनिलदादा? ते तर अच्छाडला असतात ना, टायरच्या दुकानात?

रूपी : साहेबाचा ड्रायव्हर तापानं पडला. साहेबाला मराठी येत नाय, हिंदी पण अडखळत. मीच सुनिलला म्हटलं, एक दिवस दुकान बंद ठेव, तू घेऊन जा त्यांना. माझ्या माहेरची माणसं आहेत, जावई पुढं बसलेला बघून कोण काय बोलेल? मीच म्हटलं रे.

पीयूष : मग झालं तर! जावयाला ओळखणार नाहीत का?

रूपी : वरच्या पाड्याचे ओळखतील. पण आधी खालचा पाडा लागतो, मग ओहोळ, मग चढण. खालच्यांना तो कुठं माहीत आहे? लग्नानंतर आम्ही वर गेलोच किती वेळा? धाकल्याला, माझ्या भावाला, निरोप द्यायला पाहिजे होता. सकाळी फोन लागला नाय. म्हटलं, जावई घरी चाललाय, त्याला निरोप कशाला?

पीयूष : सुनिलदादांना लावा फोन.

रूपी : लावतेच आहे. ती बाई बोलते. संपर्क क्षेत्राच्या बाहेर.

पीयूष : ठीक आहे. मी डिलीट करतो. आत्ताच्या आत्ता. हे बघा, गेलं. संपला विषय.

रूपी : संपला?

पीयूष : पेजवरून गेलं ना. एक मिनिट... हे कोणी टाकलंय?

रूपी : काय झालं?

पीयूष : कोणीतरी आधीच उतरवून घेतलंय. आपलं नाव झाकलंय. वर लाल अक्षरात 'सावधान डहाणू तलासरी', आणि मागे सायरन लावलाय. अरे यार. हे आणखी एक. ह्यात कुठल्यातरी जीपचा फोटो चिकटवलाय. पांढरी जीप.

रूपी : त्यांची गाडी पांढरीच आहे.

पीयूष : असल्या कामाच्या सगळ्या गाड्या पांढऱ्याच असतात, ताई.

रूपी : तेच म्हणते मी.

पीयूष : पोलिसांना लावतो. हॅलो? मी कासाहून बोलतोय, गावरेडिओमधून, पीयूष. हो, रेडिओच. सायवनच्या पुढे एक साहेब गेलेत, भूकंपाचं यंत्र बसवायला, आणि लोकांच्या डोक्यात एक अफवा भरलीये. नाही, अजून काही झालेलं नाही. म्हणजे आम्हाला माहीत नाही. कोणी पसरवली? ती... ती आमचीच आहे, साहेब. आमच्या नाटकातली. हो. हो, नंबर देतो. लवकर बघा प्लीज.

रूपी : काय म्हणाले?

पीयूष : निघतात म्हणाले. चांगले बोलले.

रूपी : पोचायला किती वेळ लागेल?

पीयूष : रस्ता तुम्हाला जास्त माहीत आहे.

रूपी : माहीत आहे म्हणूनच विचारलं. म्हटलं, तू तरी कमी सांगशील.

पीयूष : सायवनला कोणी ओळखीचं? दुकानवाला, मास्तर, कोणी पण?

रूपी : जानीवहिनी आहे. किराणा आहे तिचा, तिथपर्यंत फोन लागतो. थांब. हॅलो, वहिनी? रूपी बोलते. कोणाला तरी मोटरसायकलवर वर पाठवा, लवकर. ओहोळावर... काय? आत्ताच बंद केलं दुकान? का? कोण कोण गेलं वर? अहो वहिनी, ते खरं नाय, ते नाटक होतं! हो, माझाच आवाज, पण नाटकातला. नाय, कोणी नाय माझ्याजवळ. पीयूष आहे, आमच्यातलाच. नाय हो, मला कोणी दम दिलेला नाय! वहिनी, हॅलो? वहिनी!

पीयूष : काय झालं?

रूपी : विचारते, तुझ्या शेजारी कोण उभा आहे, त्यानं बोलायला लावलं का. म्हणते, तू खरं बोललीस म्हणून तुला आता कोणीतरी धमकावलंय. म्हणते, घाबरू नको, आम्ही पाठीशी आहोत. अन् फोन ठेवला.

पीयूष : बाप रे.

रूपी : सायवनच्या पेठेतली माणसं पण गेलीत वर. दोन टेम्पो भरून.

पीयूष : आपण लाइव्ह जाऊ. आत्ता, पेजवर. तुम्ही कॅमेऱ्यासमोर बसा आणि सांगा सगळं. मी पैसे टाकून पुढे ढकलतो. डहाणू, तलासरी, सगळीकडे दिसेल.

रूपी : सगळीकडे दिसेल, वर नाय दिसणार. तिथं नेट कुठं आहे? आमची पोरं बाजाराला खाली येतात, इथं कासाला, तेव्हा फोन भरून घेतात. गाणी, पिक्चर, जे काय असेल ते. मग वर जाऊन तेच बघतात, ह्याच्या फोनातनं त्याच्या फोनात टाकतात. काल बाजार होता, पीयूष. काल त्यांनी मला भरून नेलंय. आता मी इथं काय पण बोलू दे, वर पुढच्या बाजारापर्यंत मी तेच बोलत राहणार.

पीयूष : मी असं व्हावं म्हणून नाही केलं हो. हे केंद्र बंद पडेल म्हणून केलं. कमिटीची माणसं विचारायची, ऐकतंय कोण तुमचं? माझ्याकडे दाखवायला काही नसायचं. परवा पहिल्यांदा होतं.

रूपी : तुला एकट्याला कुठं बोलते मी? मी पण होतेच. 'आता रेडिओ तुमच्या खिशात', कोण बोलायचं रोज सकाळी? मीच. रेडिओ ठेवून द्या अन् फोन घ्या, मीच सांगितलं. त्यांनी ऐकलं माझं. माझं ते सगळंच ऐकतात. अन् संध्याकाळचं प्रसारण दिवाळीपासून आपण बंद केलं.

पीयूष : संध्याकाळी कोणी ऐकतच नव्हतं, ताई. आपण फिरून विचारलं होतं.

रूपी : हिरूकाका ऐकायचा.

पीयूष : कोण हिरूकाका?

रूपी : खालच्या पाड्याचा. ओहोळाच्या काठालाच घर आहे त्याचं. मागं बाजारात भेटला होता तेव्हा तू होतास. तू हसला होतास त्याला.

पीयूष : तो? खरखरवाला?

रूपी : तोच. म्हणाला, बाई, संध्याकाळी तुझी नुसती खरखर येते. मी म्हटलं, काका, ते बंद झालंय, लावू नका. तर म्हणतो, मी लावतोच. तू बोलायला लागलीस अन् माझा रेडिओ बंद असला तर?

पीयूष : एक म्हातारा माणूस, ताई. त्याच्या रेडिओत सेल तरी असतील का?

रूपी : मशीन चालू कर.

पीयूष : आत्ता?

रूपी : सकाळी चाललं ना? मग आता पण चालेल. उठ.

पीयूष : करतो. तापायला थोडा वेळ लागेल. तुम्ही सुनिलदादांना लावत राहा.

रूपी : लावते. धाकल्याला पण लावते. कोणाचाच लागत नाय. देवा, एकदा लागू दे रे.

पीयूष : ताई, इकडे हे लोड झालं. सायरनवालं.

रूपी : लाव. शेवट कुठं तोडलास, ते ऐकू दे मला.

पीयूष : आत्ता नको.

रूपी : लाव म्हणते ना.

फोनमधला आवाज : ...ती पेटी आल्यापासून डोळ्याला डोळा नाही. आणि त्यांना आपली वाट कोण दाखवतो? आपल्यातलाच एक. पुढच्या सीटवर तोच बसलेला असतो. अडवलं तर ओळख सांगेल. तुमच्याच माणसाचं नाव घेईल. त्याचं काही ऐकू नका. ऐकलंत ना? शेजाऱ्याला सांगा.

रूपी : हे शेवटचं मी नाटकात बोललेच नाय.

पीयूष : ते मी जोडलं. तुमच्या सकाळच्या कार्यक्रमातून घेतलं. रोज शेवटी म्हणता ना तुम्ही, 'ऐकलंत ना? शेजाऱ्याला सांगा'. शेअर करा, शेअर करा म्हणण्यापेक्षा ते आपलं वाटलं मला. तुमची सहीच आहे ती.

रूपी : नाटकानंतर मी ते कधी म्हणत नाय. एसटीची वेळ असते, पोरांची लस असते, ओहोळाला पाणी चढलं असं सांगायचं असतं, तेव्हाच म्हणते. जे खरं असतं त्याच्यामागं म्हणते.

पीयूष : मला माहीत नव्हतं.

रूपी : त्यांना माहीत आहे.

पीयूष : रूपीताई, ते पुढच्या सीटचं...

रूपी : बोलू नको.

पीयूष : फोन वाजतोय तुमचा. धाकल्या लिहिलंय. घ्या, घ्या लवकर! स्पीकरवर टाका.

धाकल्या : बाय! लागला एकदाचा. टेकाडावर चढलोय तुला फोन कराया.

रूपी : धाकल्या, आधी माझं ऐक. ती गाडी जी आहे...

धाकल्या : हॅलो? बाय, तुझा आवाज येत नाय. माझा येतो काय? येत असंल. मी आपला बोलतो. बाय, गाडी गावली!

रूपी : सुनिल आहे त्यात! धाकल्या, तुझे भावजी आहेत त्यात!

धाकल्या : तू सांगितलीस तशीच हाय. दोघं जण, मागं पेटी. खालच्यांनी ओहोळात दगड टाकून आडवली. सायवनची माणसं पण आली हायत. आयला सांगितलं मी, आपल्या बायमुळं गावली.

रूपी : पीयूष, ह्याला ऐकू जात नाय माझं!

पीयूष : कट करा. मी माझ्या फोनवरून लावतो.

रूपी : कट केला तर परत लागणार नाय. धाकल्या! अरे धाकल्या!

धाकल्या : आधी कोण मानत नव्हतं, बाय. खालचे बोलले, रूपीचं नाटक असंल. मग मीच बोललो, थाळी कुठं वाजली? थाळी नाय म्हणजे आमची बाय खरं बोलते. तेव्हा मानलं सगळ्यांनी.

रूपी : अरे देवा.

धाकल्या : अन् तो पुढचा, वाट दाखवणारा, तो पण तू बोललीस तसाच निघाला. तोंडाला धुळीचा रुमाल. मी नाय गेलो खाली, मी इथं टेकाडावर होतो. खालनं ओरडून विचारलं मला, हा बोलतो मी रूपीचा नवरा हाय, खरं काय? मी वरनंच सांगितलं, आमचे भावजी अच्छाडला हायत, टायर काढतात. हा दुसरा कोण तरी हाय, नाव घेतो खोटं. लय हसली माणसं. तू आधीच सांगून ठेवलं होतंस ना, आपल्याच माणसाचं नाव घेईल म्हणून.

रूपी : तोच आहे रे! धाकल्या, तोच आहे!

धाकल्या : बरं, ठेवतो. खाली आवाज वाढलाय. मी पण जातो बघाया. तू घाबरू नको, बाय. आमी सगळी हाव.

रूपी : धाकल्या! धाकल्या!

पीयूष : ताई...

रूपी : ठेवला त्यानं.

पीयूष : परत लावा.

रूपी : लावते. नाय. नाय लागत. तीच बाई बोलते. मशीनचं काय झालं?

पीयूष : झालंय तयार. आत चला. माइकसमोर बसा.

रूपी : दार लाव. पंखा बंद कर.

पीयूष : केला. लाल दिवा लागला. बोला, ताई.

रूपी : नमस्कार. हा गावरेडिओ, कासा. मी रूपी. संध्याकाळी आपण बोलत नसतो, पण आज बोलते आहे. हिरूकाका, हे तुमच्यासाठी आहे. खालच्या पाड्याचे हिरूकाका. तुमची खरखर थांबली असेल, तर रेडिओ कानाशी घ्या.

पीयूष : थांबू नका. चालू ठेवा.

रूपी : काका, थाळी वाजवलेली नाही. नीट आठवा, वाजली का? नाही वाजली. म्हणजे हे नाटक नाही, आणि मला कोणी बोलायलाही लावलेलं नाही. परवापासून फोनमध्ये जे ऐकवतात ते नाटक होतं. त्याची थाळी आमच्याकडून राहिली. चूक आमची आहे, त्या गाडीतल्या माणसांची नाही. तुमच्या दारासमोर ओहोळात एक गाडी अडवली आहे. त्यातल्या साहेबाची पेटी जमीन हलवत नाही. ती ऐकते, काका, तुमच्या माझ्यासारखी. आणि पुढे बसलेला माणूस खरं बोलतो आहे. तो माझा नवरा आहे. सुनिल त्याचं नाव. त्याची नखं बघा म्हणावं. टायरचं काळं बसलंय त्यात, कितीही धुतलं तरी जात नाही.

पीयूष : परत म्हणा, ताई. पहिल्यापासून. त्यांनी आत्ता लावला असेल तर?

रूपी : हिरूकाका, मी रूपी बोलते आहे. काठी घेऊ नका, दिवा घेऊ नका, रेडिओ घ्या आणि तसाच चालू ठेवून ओहोळावर जा. माझा आवाज त्या माणसांच्या मधे नेऊन ठेवा. मला इथे तुमचं काही ऐकू येत नाही, काका. तुम्ही उठलात का, निघालात का, मला कळायची सोय नाही. म्हणून मी बोलत राहते. थाळी वाजली नव्हती, आताही वाजलेली नाही. पुढे बसलेला माणूस खरं बोलतो आहे. त्याचं ऐका. ऐकलंत ना, काका? शेजाऱ्याला सांगा.